राखणदाराच्या वाळूतलं शून्य

माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका कंपनीच्या अहवालात. तेसुद्धा आईने बोट ठेवलं म्हणून.

आमच्या खाडीच्या वरच्या अंगाला कंपनीला जेटी हवी होती. जेटी म्हटली की मालवाहू बार्ज आले, आणि बार्ज आले की खाडीचा तळ खरवडून खोल करणं आलं. त्यासाठी जनसुनावणी लागली होती आणि सुनावणीच्या तीन आठवडे आधी, लोकांनी वाचावा म्हणून, अहवाल ग्रामपंचायतीत ठेवला होता. लोकांनी वाचावा म्हणून ठेवलेला तो ग्रंथ इंग्रजीत होता, उशाला घ्यावा एवढा जाड. सोबत मराठी सारांशाची वीस पानं होती आणि ती सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेली होती. आमच्या गावात पानं चोरायची रीत असावी असं कुणाला तरी वाटलं असणार.

आई चौथी शिकलेली. वाचते हळू, ओळीखाली बोट सरकवत, पण एकही ओळ सोडत नाही. ग्रामसेवकाच्या टेबलाशी उभी राहून तिने सतरा पानं वाचली. अठराव्या पानावर बोट थांबलं. ‘प्रस्तावित क्षेत्रात मुळे आढळत नाहीत, असे प्रकाशित संशोधनातून सिद्ध झाले आहे.’ पुढे कंसात चौदा हा आकडा.

“ह्या चौदा काय गो?”

मी तो जाड खंड ओढला. शेवटी संदर्भांची यादी होती, त्यात चौदावा संदर्भ काढला. आमच्याच खाडीवरचा शोधनिबंध, परदेशातल्या नियतकालिकात छापलेला. खाली चार नावं. पहिलं माझ्या मार्गदर्शक सरांचं, चौथं माझं. आईला इंग्रजी येत नाही, पण माझ्या इतक्या गुणपत्रिका तिने कपाटात जपून ठेवल्यात की लेकीचं नाव ती इंग्रजीतही ओळखते.

“तू लिवलंस? मुळे नायत म्हनून?”

मी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. ग्रामसेवक कान टवकारून बसला होता म्हणून तिसऱ्यांदा जरा मोठ्याने म्हटलं. कंपनी धडधडीत खोटं बोलतेय, माझ्या नावाचा आडोसा घेऊन बोलतेय, असंच मला त्या क्षणी वाटलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मुळे म्हणजे खाडीतले शिंपले. आमच्या वाडीतल्या बायका सुकतीला, म्हणजे पाणी ओसरलं की, वाळूत बसून हाताने चाचपत ते काढतात आणि सकाळी रत्नागिरीच्या बाजारात वाटे लावून विकतात. बाबा दुसऱ्याच्या बोटीवर जायचे, कधी मिळायचं, कधी नाही. घर चाललं ते आईच्या टोपलीवर. माझ्या एम.एस्सी.ची फीसुद्धा त्याच टोपलीतून गेली, आणि हे आई अजूनही गिऱ्हाइकांना ऐकवते.

खाडीच्या वरच्या वळणावर, तिवरांच्या झाडीच्या कडेने, वाळूचा एक पट्टा आहे. त्याला आम्ही राखणदाराची, म्हणजे जागा सांभाळणाऱ्या देवाची, वाळू म्हणतो. तिथे कुणी पाय ठेवत नाही. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या मोठ्या सुकतीला बायकांनी काठावर जायचं, नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि मागे फिरायचं. तिथले मुळे राखणदाराचे, त्याचे सुखरूप राहिले तर आपल्याला खाली मिळतात, असं म्हाताऱ्या सांगत आल्या. त्या वाळूतले मोठे मुळे बीज सोडतात आणि ते पाण्याबरोबर खालच्या वाळूत येऊन रुजतं, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. आमच्या बायकांनी ते पुस्तकाविना पाळलं होतं. वाडीतल्याही आणि पलीकडच्या मोहल्ल्यातल्याही. मोहल्ल्यातल्या बायका नारळ ठेवत नाहीत, पण पायही ठेवत नाहीत.

कंपनीची जेटी नेमकी तिथे येणार होती. आणि तिथे काही नाही, या म्हणण्याला साक्षीदार मी होते.

ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसून मी मोबाइलवर आमचा निबंध शोधला. सापडला लगेच. शीर्षक, चार नावं, दहा-बारा ओळींचा गोषवारा. त्याखाली एक चौकट: पुढे वाचायचं असेल तर पैसे भरा, डॉलरमध्ये. खाडी माझ्या दारातली, तिचा चिखल दोन वर्षं माझ्या नखांत, नाव माझं, आणि वाचायचं तर मलाच बाहेर उभं केलेलं. मी तो मोबाइल आईसमोर धरला आणि प्रकार समजावून सांगितला. आईने सगळं ऐकून घेतलं.

“कंपनीला गावला, आनि तुला नाय गावत?”

मी मोबाइल पिशवीत टाकला.

आता इथे माझा मूर्खपणा सांगायला हवा, कारण राग फक्त दुसऱ्यांवर काढणं मला जमत नाही. दोन वर्षं मी विद्यापीठाच्या एका प्रकल्पावर सहायक होते. प्रकल्प सरकारी पैशाचा, माझं विद्यावेतन सरकारी, सरांचा पगार सरकारी. प्लंबरकडून पाइपचे तुकडे आणून मी एक चौकोनी चौकट केली होती. सुकतीला ती वाळूवर टाकायची, आतली वाळू खणून चाळायची, मुळे मोजायचे, वहीत लिहायचे. आई आणि तिच्या मैत्रिणींनी मला जागा दाखवल्या, कुठला मुळा कुठल्या महिन्यात पोटाशी येतो, म्हणजे आतून भरतो, ते सांगितलं. त्यांच्याशिवाय मला चार चौकटीसुद्धा नीट टाकता आल्या नसत्या. सर स्वतः तीनदा आले. एकदा त्यांची चप्पल चिखलात गेली ती आईने हात घालून काढून दिली.

प्रकल्प संपला तेव्हा वह्या विभागाची मालमत्ता म्हणून जमा करून घेतल्या. विद्यापीठाने दिलेला ईमेल बंद झाला आणि त्यातली सगळी देवघेव त्याच्यासोबत गेली. त्याच्या थोडं आधी एक कागद सहीला आला होता: या लेखाचे सगळे हक्क आम्ही प्रकाशकाला देत आहोत. मी सही केली. वाचून केली असती तरी केलीच असती, कारण परदेशात छापून येणार या आनंदात मी पेढे वाटायच्या गडबडीत होते. छापून आल्यावर सरांनी विभागातल्या संगणकावर तो लेख उघडून दाखवला. मी पहिल्या पानावरचं माझं नाव पाहिलं, डोळे भरून आले, आणि पुढचं पान काही उलटलं नाही. इतकी मी शहाणी.

तर तो लेख लिहिण्याचे प्रकाशकाने आम्हाला पैसे दिले नव्हते. तपासणाऱ्या दोन विद्वानांनाही दिले नव्हते. माझ्या आईला तर चहाही कुणी विचारला नव्हता. प्रकाशकाने स्वल्पविराम सारखे केले आणि दाराला कुलूप लावलं. पहिले चार दिवस मी रागाने पैसे भरले नाहीत. आपलंच लिहिलेलं आपण विकत का घ्यायचं, या हट्टाला मी पेटले होते. पाचव्या दिवशी सुनावणीची तारीख डोळ्यांसमोर आली, हट्ट गिळला आणि भरायला बसले, तर माझ्या पतसंस्थेच्या कार्डाने परदेशी व्यवहार घ्यायला साफ नकार दिला.

मी ज्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते तिथल्या ग्रंथालयात गेले. ग्रंथपाल लेकीच्या बाळंतपणासाठी रजा काढून संगमेश्वरला गेले होते. त्यांच्या जागी बसलेल्या मदतनीसाने संगणक चालू करायचेही कष्ट घेतले नाहीत. “मॅडम, आपल्याकडे परदेशी काही येत नाही. वार्षिकांक हवा तर आहे.” सरांना तीन ईमेल केले. तीनही वेळा उत्तर आलं की सर दौऱ्यावर आहेत आणि लवकरच संपर्क करतील. ते उत्तर यंत्र पाठवतं हे कळायला मला दुसरा ईमेल लागला, आणि तरी तिसरा केला.

आणि त्याच आठवड्यात विद्यापीठाचं परिपत्रक येऊन धडकलं. खुल्या ज्ञानाचा सप्ताह साजरा करा. संशोधन सर्वांसाठी खुलं असावं याबाबत जागृती करा. फोटो पाठवा. प्रमुख पाहुणे म्हणून आमच्या कॉलेजला कोण लाभणार होते, तर माझे सर.

मला तासिकेवाली म्हणून रांगोळीचं काम दिलं होतं. कायम नोकरीतल्यांना कमरा आहेत, त्या वाकत नाहीत. मी सकाळी सात वाजता सभागृहाच्या दारात बसून उघडं पुस्तक काढलं, त्यावर उघडं कुलूप काढलं, त्यात केशरी रंग भरला. पुष्पगुच्छही मीच द्यायचा होता. सरांनी तो घेता घेता मला ओळखलं आणि मंचावरच मोठ्याने म्हणाले, “अरे, ही तर आमची मुळेवाली!” सभागृह हसलं. मीही दात दाखवले.

सर छान बोलले. ते नेहमीच छान बोलतात. ज्ञान ही कुणा एकाची जहागीर नाही म्हणाले. करदात्यांच्या पैशातून झालेलं संशोधन करदात्याला वाचता आलं पाहिजे म्हणाले. विद्यापीठाने स्वतःचं मुक्त भांडार उघडलं आहे, त्यात प्रत्येक प्राध्यापकाने आपले लेख ठेवायचे आहेत आणि रत्नागिरीतल्या खेड्यात बसलेला मच्छीमारही ते वाचू शकेल, हे त्यांनी टाळ्यांची वाट बघत सांगितलं. मग आम्हा सगळ्यांना उभं केलं आणि उजवा हात पुढे करून शपथ दिली. मी शपथ घेतली. हातावरचा केशरी रंग अजून गेला नव्हता.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. बशीतली बिस्किटं संपेपर्यंत ते माझ्या तावडीत होते.

“सर, आपला मुळ्यांचा लेख त्या भांडारात नाही.”

“नाहीये का? असेल की.”

“नाही, बघितलं मी. छापण्याआधीची शेवटची प्रत तिथे ठेवायला प्रकाशकाची परवानगी आहे, त्यांच्या साइटवरच लिहिलंय. फक्त तुम्ही टाकायला हवा. आमच्या इथे सुनावणी आहे, कंपनीने आपल्या लेखाचा दाखला देऊन खोटं छापलंय.”

कंपनी हा शब्द ऐकल्यावर सरांनी बिस्किट पुन्हा बशीत ठेवलं. “हे बघ, लेख टाकायला सांगतो मी कुणाला तरी. आज संध्याकाळी टाकतो. पण तू त्या सुनावणी-बिनावणीच्या भानगडीत माझं नाव आणू नकोस हं. आपण शास्त्रज्ञ माणसं. आपण लिहायचं आणि बाजूला व्हायचं.”

लिहायचं आणि बाजूला व्हायचं! मी घरी येऊन हे आईला सांगितलं तेव्हा ती मासळी साफ करत होती. तिची सुरी जरा जोरात चालली.

सरांनी शब्द पाळला, हे कबूल करायला हवं. दुसऱ्या दिवशी भांडारात लेख आला. शीर्षक आलं, चार नावं आली, गोषवारा आला. त्याखाली लिहिलं होतं: पूर्ण मजकूर नोंदणीकृत वापरकर्त्यांपुरता मर्यादित. म्हणजे विद्यापीठात आत असलेल्यांपुरता, ज्यांना तो तसाही वाचता येत होता. शेजारी एक बटण होतं, प्रत मागवण्यासाठी. मी ते दाबलं. माझी विनंती लेखकाकडे पाठवली गेली आहे असं उत्तर आलं, आणि लेखक म्हणून सरांचा पत्ता. मिनिटाभरात सरांच्या यंत्राने कळवलं की सर दौऱ्यावर आहेत.

मी त्या संध्याकाळी एकटीच आरे-वारेच्या रस्त्याला स्कूटर घेऊन गेले आणि वरच्या वळणावर थांबून समुद्राकडे तोंड करून मला येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या. फोटो काढायला थांबलेलं एक जोडपं गाडीत जाऊन बसलं. विद्यापीठाच्या पानावर त्याच दिवशी बातमी झळकली होती की सप्ताहात भांडारातल्या लेखांची संख्या किती वाढली. त्या वाढलेल्या संख्येत आमचा लेख होता. कुलपासकट मोजला होता.

ग्रंथपाल सोमवारी रजेवरून आले. निवृत्तीला आलेले, नाकावर चष्मा, कुणाशी फारसं न बोलणारे गृहस्थ. मी सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी माझा आवाज चढला. त्यांनी फक्त लेखाचं शीर्षक कागदावर लिहून मागितलं. ग्रंथपालांचा म्हणे मोबाइलवर एक गट असतो. एकाच्या ग्रंथालयात नसेल ते तिथे मागायचं, ज्याच्याकडे असेल तो पाठवतो. त्यांनी मागितलं, आणि वीस मिनिटांत कुठल्याशा शहरातल्या कुणा ग्रंथपालबाईंनी अख्खा लेख पाठवला. ना शपथ, ना रांगोळी. “रंगीत छापू का? नकाशा आहे आत,” एवढंच त्यांनी मला विचारलं.

मी तो घेऊन मागच्या बाकावर बसले. कंपनीचं खोटं पकडायला बसले होते. पेन उघडून बसले होते.

चौथ्या पानावर तक्ता होता. खाडीचे भाग, प्रत्येक भागातल्या चौकटी, त्यांतले मुळे. सगळ्यात वरच्या भागासमोर, म्हणजे राखणदाराच्या वाळूसमोर, शून्य होतं. एक नाही, ओळीने शून्यं. शेजारच्या नकाशात तो पट्टा पांढरा सोडलेला होता आणि खाली स्पष्टीकरण होतं: पांढरा, म्हणजे मुळे नाहीत.

कंपनी खोटं बोलली नव्हती. तिने आमचं वाचून दाखवलं होतं.

मला त्या बाकावर सगळं आठवलं. राखणदाराच्या वाळूत मी चौकट टाकलीच नव्हती. तिथे पाय ठेवत नाहीत, मग मीही ठेवला नाही. दोन वर्षांत एकदाही ठेवावासा वाटला नाही, त्यात काही राहून जातंय असंसुद्धा वाटलं नाही. बाहेरून आलेली कुणी मुलगी असती तर तिने विचारलं असतं, भांडली असती, निदान ‘इथे मोजू दिलं नाही’ असं लिहिलं असतं. मी वहीत ते रकाने रिकामे सोडले, कारण तिथे कुणी उतरत नाही हे माझ्या लेखी सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे विभागातल्या कुणीतरी वही संगणकात चढवली. रिकाम्या रकान्यात शून्य बसलं. सरांनी शून्याचा नकाशा केला. चौथ्या लेखिकेने पेढे वाटले.

आईला सांगणं भाग होतं. त्या दुपारी आमच्या पडवीत सात-आठ जणी जमल्या होत्या, सुनावणीला काय बोलायचं ते ठरवायला. मोहल्ल्यातल्या दोघी होत्या. मी लेख पहिल्यापासून मराठीत सांगत गेले, घाबरत घाबरत. त्या मध्ये मध्ये माना हलवत होत्या, एकदोन ठिकाणी हसल्या, एके ठिकाणी मोहल्ल्यातली म्हातारी म्हणाली की हा महिना चुकलाय, त्या महिन्यात मुळे पोकळ असतात. तो महिना खरंच चुकला होता. मग मी नकाशा पुढे केला. आईने पांढऱ्यावर बोट ठेवलं.

“हितं काय लिवलाय?”

“काही नाही असं लिहिलंय.”

“हितं तर सगळ्यात जास्त.”

“माहीत आहे मला.”

“मग लिवला कोनी?”

मी सांगितलं. रकाने, वही, संगणक, शून्य, सगळं. वाटलं होतं, आरडाओरडा होईल. आईने नकाशा मांडीवर घेऊन तळहाताने सपाट केला.

“अगो, ह्या तेवाच दाखवला असतास तर आमी तेवाच सांगितला असता,” ती म्हणाली. “येवढाच काम होता.”

येवढंच काम होतं. मला त्या वाक्याने जितकं लागलं तितकं आजवर कशाने लागलेलं नाही. माझ्या डोक्यात तोवर खुलं ज्ञान म्हणजे आपण खाली वाकून गरिबाला काहीतरी वाचायला देतो, असंच होतं. सरांच्या भाषणातही तेच होतं. त्या लेखातली चूक पकडू शकतील अशी माणसं सगळ्या जगात आठ-दहा होती आणि ती आमच्या पडवीत मुळे फोडत बसायची. तपासायला लेख गेला परदेशात, दोन विद्वानांकडे, ज्यांनी ही खाडी कधी पाहिली नव्हती. आणि कुलूप लावून ज्यांच्यापासून राखला, त्या या बायका होत्या.

सरांना फोन लावला. या वेळी यंत्र नव्हतं, सर होते. चूक झाली आहे, दुरुस्ती छापायला हवी, असं मी म्हटलं. दुरुस्तीला महिने जातात म्हणाले. तो लेख पदोन्नतीच्या कागदपत्रांत लावलेला आहे म्हणाले. रिकामा रकाना आकडेमोडीत चालत नाही, तिथे काहीतरी घालावंच लागतं, हेही म्हणाले. मी म्हटलं, “सर, तुम्ही तिथे शून्य घातलंत आणि आमची वाळू घालवलीत.” त्यांनी फोन ठेवला.

सुनावणी तालुक्याच्या सभागृहात झाली. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि सांगितलं की संदर्भ चौदामधली चौथी लेखिका मी आहे, मोजणी मी केली आहे आणि त्या जागी मी मोजलेलं नाही. तिथलं शून्य खोटं आहे. सभागृहात कुजबूज झाली. कंपनीचा सल्लागार, कडक इस्त्रीचा तरुण माणूस, शांतपणे उठला आणि म्हणाला की मॅडमनीच छापलेलं आम्ही मान्य केलं आहे, आता मॅडमच अमान्य करत असतील तर आम्ही कशावर विश्वास ठेवायचा? त्याचं चूक होतं असं मला म्हणता येईना, आणि त्याचा मला आणखीनच संताप आला.

अधिकारी वाईट माणूस नव्हता. “बाई, छापलेला कागद एका बाजूला आणि तुमचं तोंडी बोलणं दुसऱ्या बाजूला. मी काय लिहू?” असं त्याने विचारलं. मग पंधरा दिवसांची मुदत दिली. त्या जागेची मोजणी करून लेखी आणा, ती मी जोडतो, म्हणाला.

मोजणी करायची म्हणजे राखणदाराच्या वाळूत उतरायचं.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, नको, दुसरं काही बघू. ती म्हणाली, दुसरं काय आहे ते सांग. तिने दोन दिवस घेतले. वाडीतल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन आली, मोहल्ल्यात जाऊन आली. कुठे काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की अमावास्येच्या सुकतीला चौकट घेऊन ये.

त्या सकाळी आम्ही अकरा जणी होतो. आईने काठावर नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. दरवर्षी त्यात लेकराबाळांना सांभाळ असं असतं. या वेळी तिने चूक सांगितली. “बा राखनदारा, आमच्या पोरीन तुझा रकाना रिकामा सोडला. लोकांनी त्यात शून्य घातला. आता तुझ्या घरात येताव ता तुला मोजूक, घेऊक नाय. एक मुळा आमच्या टोपलीत जायाचा नाय. पाय लागंल त्याची माफी कर.” मग तिने लुगड्याचा ओचा खोवला आणि पहिला पाय टाकला. तिच्या हयातीत त्या वाळूत माणसाचा पडलेला तो पहिला पाय. तिला तिथे उतरवणाऱ्या प्रत्येकाचा मला तेव्हा राग आला, आणि त्या यादीत मी पहिली होते.

पहिल्या चौकटीत हात घातल्यावर मला खणावं लागलं नाही. मुळे वरच होते, एकाला एक लागून, आईच्या मुठीएवढे. मोहल्ल्यातली म्हातारी वाकून बघत होती, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आम्ही मोजत गेलो आणि मोजलेला एकेक मुळा जिथला तिथे पुन्हा वाळूत लावत गेलो. भरती लागेपर्यंत अकरा जणींपैकी कुणी पाठ सरळ केली नाही.

तो मोजणीचा कागद मी मराठीत लिहिला. तक्ता, हाताने काढलेला नकाशा, आधीच्या लेखात काय चुकलं, कुणामुळे चुकलं, त्यात माझं नाव. लेखिका म्हणून अकरा जणींची नावं घातली, आईचं पहिलं. या वेळी सही करण्याआधी प्रत्येकीने तो वाचला किंवा वाचून घेतला, आणि तीन दुरुस्त्या सुचवल्या, त्या केल्या. एक प्रत अधिकाऱ्याला दिली, पोच घेतली. त्याचा निकाल अजून लागलेला नाही आणि काय लागेल ते मला माहीत नाही. आमच्या ग्रंथपालांनी तो कागद नेटवर चढवून दिला, कुणालाही उघडेल असा.

उरलेल्या प्रती चिकटवायला आई आणि मी निघालो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक, मोहल्ल्यातल्या दुकानावर एक, मासळीबाजारात तिच्या बसायच्या जागेमागच्या भिंतीवर एक. खळीचा डबा तिच्या हातात होता. शेवटचा कागद तिने तळहाताने दाबून नीट बसवला आणि मागे सरून पाहिला.

“ह्या आता कोनीबी वाचंल?”

“कुणीही.”

“कंपनीवालेबी?”

“तेही.”

आईने डब्यावर झाकण लावलं.

“वाचूदे,” ती म्हणाली. “ह्या टायमाला आमी आदी वाचलाव.”